नाव बदलण्यास नकार : 'डेथ' वाद्यवृंदाचा इतिहास

संगीताचा इतिहास कोण लिहितो? ज्याच्या हाती ध्वनिमुद्रिका काढण्याचा कारखाना आहे, तो लिहितो. रॉक संगीताच्या बाबतीत हे मला फार स्पष्ट दिसते. हे संगीत अमेरिकेतील काळ्या माणसांच्या ब्लूजमधून आणि चर्चमधील गायनातून जन्माला आले. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड यांनी ते वाढविले. बिग मामा थॉर्नटनचे 'हाउंड डॉग' १९५३ साली बाजारात आले. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लेने तेच गाणे गायिले, आणि जगाने ते त्याच्या नावावर जमा केले. पुढे हार्ड रॉक म्हणजे गोऱ्या पोरांचे संगीत, असा समज काळ्या वस्त्यांतही रुजला. वारसा हिरावून घ्यायचा आणि वारसालाच परका ठरवायचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे.

डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. १९६७ च्या तेथील उद्रेकात ४३ माणसे मेली. याच शहरातील डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हॅकनी या तीन काळ्या भावांनी १९७० नंतर आपला वाद्यवृंद उभा केला. डेव्हिड गिटार वाजवी, डॅनिस ड्रम, आणि बॉबी बेस वाजवून गाई. वेगवान, कर्कश, संतप्त असे त्यांचे वादन होते. शेजारीपाजारी विचारीत, 'हे गोऱ्यांचे संगीत कशाला वाजवता?' वडिलांच्या अपघाती निधनानंतर डेव्हिडने वाद्यवृंदाला 'डेथ', म्हणजे मृत्यू, हे नाव दिले. ज्या शब्दाला सारे भितात, त्याचा अर्थच पालटून टाकावा, अशी त्याची भूमिका होती.

१९७५ साली त्यांची सात गाणी ध्वनिमुद्रित झाली. भावांच्या सांगण्यानुसार, क्लाइव्ह डेव्हिस हा संगीतव्यवसायातील बडा माणूस त्यांना करार द्यायला तयार होता. अट एकच : नाव बदला. डेव्हिडने नकार दिला. १९७६ साली त्यांनी स्वतःच एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली. प्रती फक्त ५००. राजकारण्यांवर प्रहार करणारे एक गाणे तिच्यात होते. रेडिओने दाद दिली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रामोन्स या गोऱ्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका आली, आणि पंकचा इतिहास तेथून मोजला जाऊ लागला.

पंकचा जनक कोण, हा वाद मला घालायचा नाही. मला त्या अटीविषयी बोलायचे आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' या शब्दाला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पक्षाने विरोध केला, सभात्याग केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने 'दलित' हा शब्द स्वतः निवडला, आणि 'पँथर' हा शब्द अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीकडून घेतला. स्वतःला स्वतः नाव देणे हा माणूसपणाचा पहिला हक्क आहे. प्रस्थापितांना आपले श्रम चालतात, कलाही चालते; आपण घेतलेले नाव मात्र खुपते.

नकाराची किंमत असते, हेही सांगितले पाहिजे. भाऊ व्हरमाँट राज्यात गेले, पुढे डेव्हिड डेट्रॉइटला परतला, आणि २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. मूळ ध्वनिफिती त्याने बॉबीच्या स्वाधीन केल्या होत्या. एक दिवस जग त्या शोधत येईल, अशी त्याची खात्री होती. २००९ साली शिकागोच्या ड्रॅग सिटी या कंपनीने ती गाणी प्रसिद्ध केली, 'डेथ' याच नावाने. तोवर त्या संगीताची बाजारातली सद्दी ओसरली होती, आणि नकार देणारा हयात नव्हता.

म्हणून डेव्हिडच्या नकाराइतकेच मोल मी बॉबीने जपलेल्या त्या ध्वनिफितींना देतो. नुसता नकार विस्मृतीत जातो. त्याचा पुरावा राहिला तरच इतिहास दुरुस्त होतो. आपल्याकडे आंबेडकरी जलशांच्या वह्या, शाहिरांच्या कॅसेटी अजून घराघरांतल्या पेट्यांत पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्या उघडाव्यात, उतरवून घ्याव्यात, आणि ज्याचे गाणे त्याचे नाव त्यावर लिहावे.