मानमोडी आणि तिची वार्षिक लस : कांहीं प्रमाणांचा विचार

गेल्या फाल्गुनांत आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं प्रस्तुत लेखकास असें सुचविलें कीं, वय साठीच्या पुढें गेलें आहे, छातींत कफ धरण्याची जुनी खोड आहे, तेव्हां यंदा पावसाळ्यापूर्वीं फ्लूची लस टोचून घ्यावी. ज्याचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आणि पुढें जुनीं दप्तरें चाळण्यांत गेलें, त्यास कोणी कांहीं सांगितलें म्हणजे तो प्रथम विचारतो कीं, यास प्रमाण काय? घरांत लगेच दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणे, आजवर टोचून घेतलें नाहीं, तरी काय बिघडलें? दुसरा म्हणे, डॉक्टर सांगतात तें निमूटपणें करावें. पहिल्याचा आधार स्वतःचा अनुभव, दुसऱ्याचा आप्तवाक्य. न्यायशास्त्रास दोन्ही मान्य आहेत; पण परीक्षेवांचून नव्हेत. ती परीक्षा करितांना जे कागद व जो इतिहास पाहण्यांत आला, तो संशोधक बंधूंपुढें ठेवितों.

प्रथम घरचा कागद. आमच्या पणजोबांची मोडी खर्चवही शके १८३३ पासून सलग आहे. अक्षर वळणदार, बेरजा चोख. शके १८४० च्या आश्विन शुद्ध तृतीयेपर्यंत नोंदी नीट चालतात. शेवटच्या दोन नोंदी सुंठ व गूळ यांच्या आहेत. पुढें साडेतीन पानें कोरीं. कार्तिकांत नोंदी पुन्हां सुरू होतात, त्या निराळ्या हस्ताक्षरांत. वळण कच्चें, ओळ वांकडी, बेरजेंत चुका. तें अक्षर आमच्या आजोबांचें. त्यांचें वय तेव्हां तेरा वर्षांचें होतें. वहींत मृत्यूचा उल्लेख नाहीं, रोगाचें नांव नाहीं. परंतु ज्यास पोथ्या हाताळण्याचा सराव आहे, त्यास अशा ठिकाणीं बदललेलें हस्ताक्षर हाच लेख वाटतो. घरच्या तोंडी परंपरेंत त्या रोगास मानमोडी म्हणत.

हा काळ मुंबईच्या नोंदींशीं ताडून पाहतां जुळतो. इ. स. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदींतील पोलीस शिपाई तापानें आजारी पडले, तेथून त्या शहरांतील साथीचा आरंभ धरितात. पहिली लाट त्या मानानें सौम्य होती. सप्टेंबरांत आलेली दुसरी लाट मारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं, म्हणजे घटस्थापनेच्या सुमारास, मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबई इलाख्यांतील मृतांची संख्या दहा लक्षांवर गेली. सर्व हिंदुस्थानाचे अंदाज एक कोटि वीस लक्षांपासून एक कोटि ऐशीं लक्षांपर्यंत आहेत. १९११ आणि १९२१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान देशाची लोकसंख्या जेमतेम सव्वा टक्का वाढली, याचें मुख्य कारण हीच साथ. त्या वर्षीं वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसें विशेष दगावलीं. आमचे पणजोबा त्यांपैकींच एक.

येथें सावधगिरी हवी. १९१८ चा विषाणु मनुष्यजातीस नवा होता. दरवर्षींचा फ्लू तितका घातक नसतो. म्हणून या वहीच्या आधारें कोणास भिवविणें अप्रामाणिक होईल. तिच्यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, हा रोग म्हणजे साधें पडसें नव्हे. दरसालच्या फ्लूमुळें होणाऱ्या श्वसनविकारांनीं जगांत २ लक्ष ९० हजारांपासून ६ लक्ष ५० हजारांपर्यंत माणसें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि त्यांत वृद्धांचा भरणा मोठा असतो.

आतां लसीच्या बाजूचीं प्रमाणें. संस्कृतज्ञास येथें एक मोह पडतो, तो असा कीं, 'हें सर्व आमच्या ग्रंथांत आहेच.' या मोहाचा इतिहास बोधप्रद आहे. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस जेन्नरच्या पद्धतीनें देवी काढल्या. ती लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी आली होती. लोक कचरत. त्यांची समजूत पटावी म्हणून मद्रासेंतील फ्रान्सिस व्हाइट एलिस या विद्वान अधिकाऱ्यानें धन्वंतरि व शक्ति यांचीं नांवें योजून देवी काढण्याचें माहात्म्य रचलें. १८१९ मध्यें धन्वंतरीच्या नांवावरील असाच उतारा 'मद्रास कूरियर' पत्रांत आला आणि युरोपांतही तो प्राचीन म्हणून फिरला. डोमिनिक वुजास्टिक यांनीं १९८७ मध्यें या प्रकरणाची छाननी प्रसिद्ध केली. सुश्रुतांत मसूरिका क्षुद्ररोगांत सांगितली आहे, माधवनिदानांत तिला स्वतंत्र अध्याय आहे. पण गाईच्या सडावरील पुळीचा द्रव टोचण्याचा विधि त्यांत नाहीं. मौजेची गोष्ट ही कीं, 'एझुर्वेदम्' हा ग्रंथ वेद नसून अर्वाचीन रचना आहे, हें दाखविणाराही हाच एलिस.

हेतु शुद्ध असला तरी बनावट कागद तो बनावटच. देवीची लस खरी होती, तिला जोडलेला दाखला खोटा होता. खऱ्या गोष्टीस खोटा दाखला जोडला म्हणजे, ज्या दिवशीं दाखला उघडा पडतो त्या दिवशीं खरी गोष्टही संशयांत सांपडते. यास्तव प्राचीनतेचें प्रमाण येथें बाजूस ठेविलें. आणि 'परकी म्हणून त्याज्य' हें उलट प्रमाणही त्याच न्यायानें बाजूस ठेविलें.

दुसरें प्रकरण प्लेगच्या लसीचें. वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेजांत ती सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत टोचलेले व न टोचलेले कैदी यांची तुलना झाली. कैद्यांवर असा प्रयोग आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु दोन्ही वर्ग शेजारीं ठेवून मोजणी करणें, ही रीत तेव्हांही खरी होती. तिसरे आगाखान यांनीं अनुयायांचें भय जावें म्हणून स्वतः टोचून घेतलें. पुढें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुलकोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोचलेल्या १९ जणांस धनुर्वात होऊन ते दगावले. हाफकिन यांजवर ठपका आला. १९०७ मध्यें ते दोषमुक्त झाले, आणि १९२५ मध्यें परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव मिळालें. ज्या दप्तरांत भायखळा आहे पण मुलकोवाल नाहीं, तें दप्तर कोणीतरी चाळून ठेविलेलें समजावें. दोन्ही जेथें आहेत त्यावर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं.

फ्लूच्या लसीचें दप्तर या कसोटीस उतरतें काय? १९१८ मध्यें अनेक देशांत लसी झाल्या, त्या फायफर यांनीं १८९२ मध्यें दाखविलेल्या जंतूपासून. तो जंतु या रोगाचें कारणच नव्हता, म्हणून त्या लसींनीं साथ थांबली नाहीं. खरा विषाणु १९३३ मध्यें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या त्रयीनें लंडनांत फेरेट नांवाच्या मुंगुसासारख्या प्राण्यांच्या साहाय्यानें वेगळा केला. पुढें कोंबडीच्या अंड्यांत तो वाढवून अमेरिकेंत लस झाली, आणि १९४५ पासून ती सामान्य जनांसही मिळूं लागली. दोनच वर्षांनीं, १९४७ मध्यें, ती जवळजवळ निष्फळ ठरली. विषाणूनें रूप पालटलें होतें.

हें पालटणें पोथ्यांच्या जाणकारांस सहज उमगेल. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती होत असतां लेखकप्रमाद शिरतात आणि कांहीं पिढ्यांनीं पाठ ओळखूं येत नाहीं. या विषाणूच्या प्रती होतांना असेच प्रमाद होतात, आणि ते सुधारणारा शोधक तेथें नसतो. जुन्या पाठासाठीं केलेली लस नव्या पाठास ओळखीत नाहीं. म्हणून १९५२ पासून देशोदेशींच्या प्रयोगशाळा एकमेकींस जोडल्या आहेत. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्यांपैकींच होय. रोग्यांच्या घशांतून नमुने घेऊन पाठभेद जमवितात, आणि वर्षांतून दोनदां, फेब्रुवारींत व सप्टेंबरांत, पुढील हंगामाच्या लसीचे घटक ठरतात. मार्च १९२० नव्हे, मार्च २०२० पासून 'यामागाता' नांवाची एक शाखा कोठेंच आढळलेली नाहीं. म्हणून चार घटकांऐवजीं पुन्हां तीन घटक घ्यावेत, असा निर्णय झाला. मागील सालचें पंचांग यंदाच्या मुहूर्तास चालत नाहीं, तशीच ही लस. शिवाय तिचा प्रभावही कांहीं महिन्यांत ओसरतो. आपल्याकडे या रोगाचा मुख्य भर पावसाळ्यांत असतो आणि दुसरा चढ जानेवारी ते मार्च या काळांत येतो. लस अंगीं लागण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. पावसापूर्वीं टोचावी असें म्हणतात तें यामुळेंच.

आतां पूर्वपक्षाचे आक्षेप. 'टोचल्यानेंच फ्लू येतो' हा पहिला. सुईनें देण्याच्या प्रचलित लसींत जिवंत विषाणु नसतो, म्हणून तो येऊं शकत नाहीं. दंड दुखतो, क्वचित् दिवसभर कणकण राहते. 'टोचूनही फ्लू येतोच' हा दुसरा, आणि तो बराचसा खरा आहे. पाठ जुळला त्या सालीं लस रोगाचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीं कमी करिते. न जुळल्यास त्याहून कमी, आणि वृद्धांत आणखी कमी. मात्र टोचलेल्यांस रोग झाला तरी तो गंभीर होण्याचा संभव घटतो. तिसरा आक्षेप अपायाचा. १९७६ मध्यें अमेरिकेंत अपेक्षित साथ आलीच नाहीं, पण चार कोटींवर लोकांस लस टोचली गेली आणि त्यांत लाखास सुमारें एक या प्रमाणांत गीलाँ-बारे नांवाचा पक्षाघातासारखा विकार अधिक आढळला. ती मोहीम थांबवावी लागली. त्यानंतरच्या हंगामी लसींत हें प्रमाण आढळलें तेव्हां दहा लक्षांस एक-दोन इतकें. ज्यास पूर्वीं या लसीनें तीव्र त्रास झाला असेल, त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊं नये.

हे आकडे लसीच्या पुरस्कर्त्यांनींच नोंदून ठेविले आहेत, ही गोष्ट लेखकास निर्णायक वाटली. १९१८ ची चूक, १९४७ चें अपयश, १९७६ चा अपाय, सर्व त्याच दप्तरांत आहे. ज्या लेखांत लेखकाची हार नोंदलेली असते तो बखरीपेक्षां अधिक विश्वसनीय, हें आपण इतिहासांत मानितों. मग देहाच्या बाबतींत निराळा न्याय कां लावावा? लस कवच नव्हे; छत्री आहे. पाय भिजतात, पण छातीवर पाऊस येत नाहीं.

वैशाखांत लेखकानें लस टोचून घेतली. घरच्या वहींत तिथि, लसीचें नांव, बाटलीवरचा क्रमांक आणि 'दुसरे दिवशीं दंड दुखला' एवढें टिपून ठेविलें आहे. पहिल्या पक्षानें अद्यापि मत बदललेलें नाहीं. तोही आपल्या जागीं प्रामाणिक आहे.

शेवटीं एक विनंति. ज्यांच्या संग्रहीं शके १८४० च्या खर्चवह्या, जमाखर्च अथवा पत्रें असतील, त्यांनीं भाद्रपद ते मार्गशीर्ष एवढीं पानें पाहावींत. कोठें कोरीं पानें आहेत, कोठें हस्ताक्षर बदललें आहे, याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मृत्यूंच्या सरकारी नोंदींत जीं घरें सुटलीं, तीं बहुधा अशाच कोऱ्या पानांवर सांपडतील.