डोंग्यावरचं लपण

आमच्या घरात बाबूजींच्या बंदुकीची गोष्ट अजून सांगतात. एका बारात अकरा बदकं, ही त्या गोष्टीची शेवटची ओळ. मी लहान होतो तेव्हा ती सात होती, माझ्या मुलांना सांगताना आमच्या आत्यानं अकरा केली. बंदूक कुठली, काडतुसं कुठून आणलेली, हे सगळं त्या गोष्टीत येतं. ज्या लपणात बसून तो बार काढला ते कोणी बांधलं, हे मात्र येत नाही. म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

आमचं गाव तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पूर्वेला. हा मुलूखच तलावांचा. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशी रीत होती असं सांगतात. कोहळ्यांनी ते तलाव बांधले, त्याखाली धान आणि ऊस पिकवला. नवेगाव बांध त्यातला सर्वांत नावाजलेला. आमचा त्यापुढे डबकंच म्हणायचा, पण पाळीवर उभं राहिलं की पलीकडचा माणूस ओळखू येत नसे, एवढा तरी होता. आजोबांचा गावच्या मालगुजारीत दोन आण्यांचा हिस्सा. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला. कागदावर आमचा त्यावर काही हक्क उरला नाही. पण लोक बाबूजींना पाटील म्हणत राहिले आणि बाबूजी तलावाकडे आपलाच म्हणून बघत राहिले. कायदा एका दिवसात येतो, नजर मात्र लवकर बदलत नाही.

धान कापणीला आलं की पाणी उतरू लागे आणि त्याच सुमाराला बदकं येत. अडई तर बाराही महिने असायची, शीळ घालत रात्रीची डोक्यावरून जायची. हिवाळ्यातली मात्र पाहुणी. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, लालसरी ही नावं मला पुष्कळ उशिरा, पुस्तकांतून कळली. तेव्हा आम्ही लांब शेपटीचं, चपट्या चोचीचं, लाल डोक्याचं, एवढंच म्हणत असू. ती हिमालयाच्या पलीकडून येतात हे तर गावात कोणाला सांगूनही पटलं नसतं.

बदकं बसत तलावाच्या मधोमध, देवधानाच्या बेटांभोवती. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं जंगली धान. बाबूजींची बारा बोअरची दुनळी पाळीवरून तिथं पोचत नव्हती. चाळीस पावलांच्या आत बदक आलं तर चार नंबरच्या छऱ्याचा उपयोग. म्हणजे पाण्यात जायला हवं, आणि पाण्यात जायचं तर डोंगा.

डोंगा ढिवरांचा. आमच्याकडे ज्याचा यायचा त्याला मी मामा म्हणे. आईच्या माहेरच्या गावचा म्हणून मामा. त्याचा डोंगा आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेला, चौदा हात लांब, आणि रुंदी एवढीच की मांडी घालून बसलं तर गुडघे दोन्ही कडांना टेकत. जाळं टाकणाऱ्याला तो पुरेसा. पण त्यात बसून आडव्या अंगाला बंदूक उडवली तर धक्क्यानं डोंगा उलटतो. बाबूजींनी हे एकदा पोटभर पाणी पिऊन शिकून घेतलं होतं.

१९६४ च्या दिवाळीनंतर बाबूजींच्या डोक्यात डोंग्यावर आडोसा बांधायचं आलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. पहिला आडोसा बाबूजींच्या अकलेचा. बुरडाकडून दोन तट्टे आणले आणि डोंग्याच्या दोन्ही बाजूंना उभे बांधले. लांबून बघितलं तर पाण्यात न्हाणीघर उभं केल्यासारखं दिसत होतं. बदकांनी ते पाळीजवळ असतानाच बघितलं आणि सगळा थवा उठून पलीकडे गेला. वर वाऱ्यानं त्या तट्ट्यांचं शीड झालं. मामानं बांबू टेकवून टेकवून घाम गाळला तरी डोंगा जायचा तिकडेच गेला, कमळांत जाऊन रुतला. मामा काही बोलला नाही. हसला नाही हे महत्त्वाचं, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि मी मार खाल्ला.

दुसऱ्या खेपेला बाबूजींनी बाजूच्या लाकडाला भोकं पाडून त्यात बांबू रोवायचं ठरवलं. गिरमिट आणलं. तेव्हा मामा पहिल्यांदा आडवा झाला.

"पाटील, डोंग्याले भोक पाडाल तं मी येत नाही. तुमची बंदूक चार दिवसांची. मले याच्यावर बारा महिने खाचं हाय."

मग भोकं न पाडता दोन लांब बांबू कडांवर आडवे ठेवले, खालून पोटाखाली अंबाडीचा दोर घेऊन आवळले. ही युक्ती मामाची. त्यावर बाबूजींनी हिरव्यागार देवधानाच्या पेंढ्या खच्चून बांधल्या. दिसायला झकास. पण ओला चारा किती जड असतो हे आम्हा शेतकऱ्यांना कळायला हवं होतं. डोंगा चार बोटं खाली बसला, लाट आली की आत पाणी. आणि तिसऱ्या दिवशी पेंढ्या वाळून पिवळ्या पडल्या, भोवतीचं देवधान अजून हिरवंच.

त्यानंतर बाबूजी आठ दिवस तालुक्याला कोर्टाच्या कामाला गेले. तिसरं लपण मामानं एकट्यानं बांधलं. हाताखाली मी होतो. आडोसा हा बाबूजींचा शब्द. मामा 'लपन' म्हणे.

त्यानं आधी डोंग्याच्या एका बाजूला, दोन हातांवर, पांगाऱ्याचा ओंडका बांधला. पांगारा हलका, पाण्यावर तरंगतो. त्यानं डोंगा उलटायचा थांबला. मग बांबूच्या कमच्या वाकवून चार ठेंगण्या कमानी केल्या, बसलेल्या माणसाच्या हनुवटीपेक्षा खाली. त्यावर जाळ्याचा फाटका तुकडा पसरला आणि त्याच्या डोळ्यांत वाळलेलं आणि हिरवं देवधान मिसळून, विरळ विरळ, खोवत गेला. मी दाट करायला गेलो की हात धरायचा. "वारा जाऊ दे ना त्याच्यातून." वरची कड सरळ येऊ दिली नाही, कुठं उंच कुठं बसकी. आणि मला सर्वांत नवल वाटलं ते म्हणजे कडेवरून खाली सोडलेल्या पेंढ्या. त्यांची टोकं पाण्यात बुडत होती. डोंग्याचं काळं लाकूड आणि पाणी जिथं भेटतात ती रेघ त्यानं झाकली. गवत पाण्यातून उगवतं, पाण्यावर ठेवलेलं नसतं, हे त्या माणसाला कोणी शिकवलं असेल?

विचारलं तर त्यानं बापाची गोष्ट सांगितली. बापाजवळ बंदूक कुठली? तो बदकं हातानं धरायचा. आधी चार-पाच रिकामी मडकी तलावात सोडून द्यायची. आठवडाभर ती बदकांत तरंगत राहतात, बदकांना सवय होते. मग एक मडकं डोक्यावर पालथं घालायचं, त्याला बघायपुरती दोन भोकं, आणि गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू चालत जायचं. बदकाजवळ पोचलं की पाण्याखालून पाय धरून ओढायचं. शेजारच्या बदकाला पत्ता लागत नाही. पुढे वाचनात आलं की अशी बदकं धरण्याची रीत आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी होती. मामाचं लपण म्हणजे ते मडकंच, फक्त दोन माणसं आणि एक बंदूक मावेल एवढं मोठं केलेलं. म्हणूनच त्यानं बांधून झाल्यावर ते तलावात नेलं, देवधानाच्या एका बेटाला बांधलं आणि आठ दिवस तसंच सोडलं. बाबूजी परत येऊन चिडले. मामा म्हणाला, "आधी त्याईले वळखू द्या."

नवव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. बाबूजी पुढे, मी मधे आडवा, मामा मागे पालथा पडून. बंदुकीच्या नळीला चिखल फासलेला. मला वाटलं होतं की सरळ बदकांकडे जायचं. मामानं डोंगा उलट लांब नेला, ज्या बाजूनं वारा येत होता तिकडे, आणि तिथून सोडून दिला. एक हात पेंढ्यांच्या आत पाण्यात, त्यात वीतभर फळी, तेवढ्यानं तो दिशा राखत होता. वाऱ्याविरुद्ध चालणारं गवत कुठं असतं का? वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या बेटाला बदकं भीत नाहीत. आणि दुसरं, जे मी तोंडात बोट घालून पाहिलं: बदक उडतं ते वाऱ्याच्या तोंडावर. आम्ही वाऱ्याकडून आलो होतो, म्हणजे उठलेला थवा दूर जाण्याऐवजी आमच्याच अंगावर आला. बाबूजींनी बार काढला. सात की अकरा ते सोडा. माझ्या आठवणीत पाच आहेत.

त्या हिवाळ्यात लपण चार-पाच वेळा निघालं. मग संक्रांतीच्या आसपास शहरातून कोणी साहेब आणि त्यांचे दोन मित्र आले. बाबूजींच्या कोर्टाच्या कामाशी त्यांचा संबंध होता, एवढंच मला माहीत. शिकारीची हौस. त्यांना पाळीच्या दक्षिण टोकाला बसवायचं, बाबूजी पाळीवर त्यांच्याबरोबर थांबणार, आणि मामा लपण वाहवत नेऊन बदकं त्यांच्या बाजूला उठवणार, असं ठरलं. मी हट्ट करून डोंग्यात गेलो.

आम्ही वाहत वाहत दक्षिणेकडे आलो. बदकं आमच्या दोन्ही बाजूंना इतक्या जवळ पोहत होती की त्यांच्या चोचींतून पाणी गळायचा आवाज येत होता. मी मोजत होतो. पाळ साठ-सत्तर पावलांवर आली असेल तेव्हा बार झाला. बदकं उठायच्या आधीच. देवधानात गारा पडल्यासारखं सळसळलं आणि मामा माझ्यावर पडला. मला वाटलं, लपवायला. थोड्या वेळानं माझ्या सदऱ्याला ओलं लागलं.

त्याच्या खांद्यात चार छरे होते, एक कानाच्या पाळीतून आरपार. तो ओरडला नाही. उठून हातही हलवला नाही, कारण उठला असता तर दुसरी नळी सुटली असती. बदकं उडून जाईपर्यंत, पाळीवरची माणसं बोलायला लागेपर्यंत, आम्ही तसेच पडून राहिलो.

साहेब खरंच म्हणाले, "आम्हाला ते गवतच वाटलं." खोटं नव्हतं. लपण तेवढं चांगलं होतं.

दुपारी ओसरीवर पंगत बसली. आईनं बदकाचा रस्सा केला होता, लाल तिखटाचा. मामा अंगणात कडुनिंबाखाली बसला होता, खांद्याला हळद आणि चुना लावून. तीन छरे न्हाव्यानं काढले, चौथा खोल होता. साहेबांनी लपणाचं फार कौतुक केलं, असं कुठं पाहिलं नाही म्हणाले, बनवलं कोणी? बाबूजी वाढपाकडे बघत म्हणाले, "आमचीच बनावट आहे." मी शेजारीच बसलो होतो. माझ्या तोंडात घास होता हे खरं, पण तो गिळल्यावरही मी बोललो नाही. उलट पुढे शाळेत मी हेच सांगत फिरलो, आमच्या बाबूजींनी बनवलं म्हणून. छऱ्यांचा विषय घरात निघू द्यायचा नाही असं ठरलं होतं आणि मला ते पाळायला जड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामानं दोर सोडले. कमच्या घरी नेऊन मासे धरायच्या टोकऱ्यांना लावल्या, पांगाऱ्याचा ओंडका जाळ्याला तरंगा म्हणून कापला. बाबूजींनी पुन्हा सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

पुष्कळ वर्षांनी मी भरतपूरला गेलो. तिथल्या संस्थानी शिकारींची नोंद दगडावर कोरून ठेवली आहे: तारीख, पाहुणे, बंदुका किती, पक्षी किती. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो आले त्या एका दिवसाचा आकडा ४,२७३. लोक त्या आकड्यापाशी थांबून फोटो काढत होते. मी माणसांची नावं वाचत गेलो. पाण्यातून पक्षी उठवणारे, पडलेले वेचणारे शेकड्यांनी लागले असतील. मी दगडाच्या मागच्या बाजूलाही जाऊन आलो.

शिकारीचं म्हणाल तर ती आपोआप आटली. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, परवान्याची भानगड सुरू झाली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनं तीही वाट बंद केली. बाबूजींनी बंदूक त्याआधीच विकली होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तलवार बदकं मला पाण्यावर बघायलाच आवडतात, आणि आताशा ती कमी येतात.

१९७४ साली मला मास्तरकी लागली. पहिला पगार झाल्यावर गावी आलो तेव्हा मामाच्या घरी गेलो. तो दारात जाळं शिवत होता. त्यानं माझा हात धरून खांद्यावर ठेवला. कातडीखाली जोंधळ्याएवढा दाणा सरकत होता. पोरं आली की तो हा खेळ दाखवायचा. मी पन्नास रुपये पुढे केले. म्हटलं, लपणाचे.

"लपनाचे कायले? ते तं मी माझ्या हौसेनं बांधलं."

मग थोडा थांबला. म्हणाला, त्या दिवशीची मजुरी मात्र पाटलांनी दिली नव्हती. दीड रुपया, आणि डोंग्याचं भाडं आठ आणे. त्यानं नोटा माझ्या हातात परत ठेवल्या आणि सुटे आहेत का विचारलं. माझ्याजवळ नव्हते. शेजारच्या दुकानात जाऊन मी मोड करून आणली, त्यानं दोन रुपये मोजून कनवटीला लावले आणि पुन्हा जाळं हातात घेतलं.