भंगारातून उडालेले लिबरेटर आणि त्याची प्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती घडवण्याचा छंद भारतात मोजक्याच लोकांना आहे. परंतु ज्यांना आहे त्यांच्या टेबलावर केव्हा ना केव्हा चार इंजिनांचे एखादे बाँबफेकी विमान येतेच. लँकेस्टर, फ्लाइंग फोर्ट्रेस आणि लिबरेटर ही त्यांतील ठळक नावे. यांपैकी कन्सॉलिडेटेड कंपनीच्या बी-२४ लिबरेटरशी भारताचे नाते सर्वांत जवळचे. महायुद्ध संपल्यानंतर तब्बल वीस वर्षे हे विमान भारतीय वायुसेनेच्या सेवेत होते. तरीही दुकानातून आणलेल्या संचात भारतीय लिबरेटर क्वचितच सापडते. खोक्यातील सुटे भाग आणि सोबतचे माहितीपत्रक अमेरिकी अथवा ब्रिटिश विमानाचे असते आणि त्याबरहुकूम जोडलेल्या प्रतिकृतीवर तिरंगी वर्तुळ चिकटवल्याने ती भारतीय ठरत नाही. असे का, हे कानपूरच्या भंगारात शोधावे लागते.

लिबरेटरचे पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी सॅन डिएगो येथे झाले. पुढे पाच कारखान्यांतून मिळून अठरा हजारांहून अधिक विमाने बाहेर पडली. मिशिगन राज्यातील विलो रन येथील फोर्डचा कारखाना ऐन भरात असताना जवळपास ताशी एक विमान तयार करीत असे. ब्रिटिश वायुदलाने ही विमाने बंगालमधील तळांवरून ब्रह्मदेशातील जपानी सैन्याविरुद्ध वापरली. युद्ध संपल्यावर ती कानपूरजवळच्या तळावर गोळा करण्यात आली. लेंड-लीज करारान्वये मिळालेली विमाने अमेरिकेला परत करणे किंवा निकामी करणे बंधनकारक होते. ब्रिटिशांनी दुसरा मार्ग पत्करला. पत्रे फोडण्यात आले, उपकरणे ठेचण्यात आली, इंजिनांत वाळू ओतण्यात आली. ही विमाने पुन्हा कोणी उडवेल अशी कल्पना त्या वेळी कोणाच्या मनात आली नसावी.

१९४८ मध्ये काश्मीरचे युद्ध चालू असताना भारताजवळ एकही अवजड बाँबफेकी विमान नव्हते. मालवाहू डकोटातून हाताने बाँब ढकलण्यापर्यंत पाळी आली होती. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याला कानपूरच्या ढिगाऱ्याची आठवण झाली. कारागिरांनी एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवले, जेमतेम उडण्याजोगी डागडुजी जागेवरच केली आणि कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती विमाने एकामागून एक बंगळूरला उडवत नेली. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशा रीतीने सुमारे चाळीस लिबरेटर पुन्हा सेवेत आली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूर येथे पाचवे स्क्वॉड्रन याच विमानांवर उभे राहिले. १९५१ च्या आरंभी पुण्यात सहाव्या स्क्वॉड्रनला लिबरेटर मिळाली आणि अरबी समुद्रावरील टेहळणीचे काम त्यांच्याकडे आले. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली. गोव्यातील वाचकांसाठी एक खुलासा येथे आवश्यक आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी विमाने कॅनबेरा या जेट जातीची होती. त्या कारवाईचे दृश्य उभारणाऱ्याने दाबोळीवर लिबरेटर दाखवू नये.

प्रतिकृती घडवणाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. भारतीय लिबरेटरांचा ताफा वेगवेगळ्या कारखान्यांच्या, वेगवेगळ्या मालिकांच्या आणि एकमेकांचे अवयव बसवलेल्या विमानांचा होता. नाकावरील टरेट, म्हणजे यंत्रबंदुकांची फिरती कोठडी, मुळातच दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या घडणीची असे आणि दोहोंच्या काचांची ठेवण वेगळी. पुढे सागरी टेहळणीच्या काही विमानांत पोटाखालच्या गोल टरेटच्या जागी रडारचा घुमट आला. म्हणून ‘भारतीय वायुसेनेचे लिबरेटर’ अशी सर्वसाधारण प्रतिकृती करता येत नाही. एक विशिष्ट क्रमांकाचे विमान आणि एक विशिष्ट वर्ष निवडावे लागते. ‘एचई’ या अक्षरांनी सुरू होणारा तो क्रमांक स्पष्ट दिसेल असे किमान एक छायाचित्र हाती आल्याखेरीज संचातील पहिला भागही कापू नये.

छायाचित्रांचाच आग्रह धरण्यास आणखी एक कारण आहे. निवृत्तीनंतर भारताने काही विमाने परदेशांतील संग्रहालयांना दिली. लंडनच्या हेंडन येथील वायुदल संग्रहालयात, कॅनडात ओटावा येथे आणि अमेरिकेतील टूसॉन शहरातील पीमा संग्रहालयात आज जी लिबरेटर उभी आहेत, ती तिन्ही भारतातून गेलेली आहेत. मात्र त्यांच्यावर त्या त्या देशाचे रंग चढवले गेले आणि भारतीय सेवेची दोन दशके त्या रंगाखाली गेली. संग्रहालयातील विमान पाहून केलेली प्रतिकृती त्यामुळे रंगाच्या बाबतीत हमखास चुकते. मोजमाप आणि अंतर्रचना यांसाठी मात्र ती विमाने अमोल आहेत. दिल्लीत पालम येथील वायुसेना संग्रहालयातही एक लिबरेटर आहे. ज्याला शक्य असेल त्याने ते आधी पाहावे.

संच निवडताना जागेचा विचार पहिला. विमानाच्या पंखांचा विस्तार ३३.५ मीटर आणि लांबी साधारण २०.५ मीटर. १:७२ या प्रमाणात हा विस्तार साडेशेचाळीस सेंटिमीटर होतो, तर १:४८ मध्ये सुमारे सत्तर. एवढ्या रुंदीचे कपाट सामान्य घरात नसते. १:७२ मध्ये एअरफिक्सचा संच १९६३ पासूनचा आहे. त्याचा आकार ओळखू येण्याजोगा असला तरी अंगभर उठून दिसणारे रिव्हेट धातूच्या रंगाखाली डोळ्यांत खुपतात. हासेगावाचा संच कितीतरी नंतरचा, कोरलेल्या रेषांचा आणि महाग. १:४८ मधील मोनोग्रामचा संच जुना असूनही आतील तपशिलांनी समृद्ध आहे, मात्र त्याच्या पत्र्यांच्या रेषा उंचवट्याच्या आहेत. त्या घासून नव्याने कोरायच्या तर कित्येक रविवार त्यातच जातात.

आतील भागावर किती श्रम करावेत याबद्दल मतभेद आहेत. वैमानिकांची खोली काचेतून दिसते, तेव्हा आसने, पट्टे आणि उपकरणांची पाटी यांना न्याय द्यावा. बाँबकक्ष उघडा ठेवायचा असेल तर तेथे लिबरेटरचे खरे वैशिष्ट्य दाखवता येते. त्याची दारे बिजागरीवर खाली उघडत नसत. दुकानाच्या शटरसारखी ती धडाच्या बाहेरील बाजूने वर सरकत. मध्यभागी नऊ इंच रुंदीची एक फळी एवढीच चालण्याची वाट. १:७२ मध्ये तिची रुंदी तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते, पण संचांत ती पुष्कळदा जाडजूड येते. प्लॅस्टिकची भिंत एक मिलिमीटर जाड म्हणजे खऱ्या विमानात सात सेंटिमीटरांहून जाड पत्रा, हे गणित लक्षात ठेवले की उघड्या कडा आतून तासून पातळ का कराव्या लागतात ते वेगळे सांगावे लागत नाही. धडाच्या मागील भागात मात्र खिडक्यांतून जेवढे दिसेल तेवढेच करावे. धड एकदा बंद झाले की आतले सारे कौशल्य अंधारात जाते.

खरी कसोटी वजनाची. लिबरेटर नाकाखालच्या चाकावर आणि पंखांखालच्या दोन चाकांवर उभे राहते, पण त्याचे लांब धड आणि दोन मोठी शेपूटपाती मुख्य चाकांच्या मागे येतात. खऱ्या विमानालाही शेपटीखाली मागे ओढून घेता येणारा एक छोटा टेकू दिलेला होता. प्रतिकृतीत नाकाकडे वजन भरले नाही तर ती शेपटीवर बसते, आणि हे बहुधा सर्व रंगकाम झाल्यावर लक्षात येते. म्हणून धडाचे दोन्ही भाग, पंख, शेपूट आणि इंजिनांची आवरणे टेपने तात्पुरती जोडावीत, मुख्य चाकांच्या रेषेखाली एक पेन्सिल आडवी धरावी आणि नाक स्वतःहून खाली जाईपर्यंत पुढच्या भागावर वजन ठेवत जावे. त्यावर थोडी भर घालावी, कारण रंग, लुकण आणि बंदुका हे सारे नंतर वाढते. हे वजन वैमानिकांच्या फरशीखाली, पुढच्या चाकाच्या खाचेच्या दोन्ही बाजूंस आणि इंजिनांच्या मागील पोकळीत विभागावे. इंजिने चाकांच्या पुढे असल्याने तेथील प्रत्येक ग्रॅम कामी येतो.

गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या किनारपट्टीवर सहज मिळतात. त्या बसवण्यासाठी पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक वापरू नये. त्यातील आम्लाची शिशाशी प्रक्रिया होऊन गोळ्यांवर पांढरा थर चढतो, तो फुगत जातो आणि काही वर्षांनी बंद धड शिवणीवर उकलते. दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद येथे योग्य. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ते घासून भुकटी करू नये. वजन वाढले की पुढच्या चाकाचा प्लॅस्टिकचा पाय हळूहळू वाकतो. शक्य असल्यास धातूचा पाय घ्यावा किंवा मधोमध बारीक तार घालावी.

लिबरेटरचा पंख लांब आणि अरुंद असतो. केवळ कडेच्या खाचेवर विसंबून तो चिकटवला तर काही महिन्यांत खाली झुकतो, म्हणून धडातून आरपार जाणारी पितळी नळी किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी आधार म्हणून द्यावी. दोन्ही शेपूटपाती एकमेकांना समांतर आणि उभी आहेत ना, हे आलेखाच्या कागदावर ठेवून तपासावे. काचेचे भाग झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कधीही लावू नयेत. त्याच्या वाफेने काच धुकट होते. येथे मात्र पांढरा डिंकच उत्तम.

भारतीय लिबरेटर उघड्या धातूच्या रंगाचे होते. छंदातील जुनेजाणते या रंगाला घाबरतात ते उगाच नाही. हिरव्या किंवा करड्या रंगाखाली झाकली जाणारी शिवण चांदीच्या रंगाखाली रेघेसारखी उठते. लुकण भरून घासलेली प्रत्येक जागा बारीक, आणखी बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासावी, त्यावर चकचकीत काळा अस्तर रंग द्यावा आणि तो पुरता कडक झाल्यावर एअरब्रशने धातुरंगाचे अतिशय पातळ थर द्यावेत. पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत लॅकर सुकताना त्यात बाष्प अडकते आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय येते. गोवा, कोकण, बेळगाव येथे जून ते सप्टेंबर हा काळ आतील भाग जोडण्यासाठी ठेवून धातुरंग दिवाळीनंतर द्यावा, हे बरे.

सारे विमान एकाच चमकीचे केल्यास ते खेळण्यासारखे दिसते. पत्र्यांच्या काही चौकटी कमी चिकट टेपने झाकून त्यांना किंचित गडद किंवा फिकट छटा द्यावी. दुरुस्त केलेल्या विमानांत असा भेद असणे साहजिकच होते. तथापि जो भेद छायाचित्रात दिसतो तोच दाखवावा, नाहीतर ठिगळांची गोधडी होते. पंखांची आणि शेपटीची हलणारी पाती कापडाने मढवलेली असत, त्यामुळे ती मंद रुपेरीच ठेवावीत. हा एक तपशील पाळला तरी जाणकाराची नजर थांबते.

चिन्हांच्या बाबतीत वर्ष निर्णायक ठरते. प्रजासत्ताक स्थापन होण्यापूर्वीच्या थोड्या काळात वायुसेनेच्या विमानांवर निळे अशोकचक्र होते. १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे वर्तुळ आले. पाण्यात भिजवून चिकटवायच्या डिकलांचा केशरी रंग धातूवर काळवंडतो, कारण छपाईतला पांढरा थर पुरेसा दाट नसतो. आधी त्याच मापाचे पांढरे वर्तुळ रंगवून वर डिकल ठेवल्यास रंग खुलतो. घरच्या छपाईयंत्राला पांढरी शाई नसते, तेव्हा स्वतः छापणाऱ्यास हा उपाय टाळताच येत नाही. वर्तुळे आणि क्रमांक कंपासाच्या साहाय्याने झाकण कापून थेट रंगवणे हा अधिक कष्टाचा, पण अधिक टिकाऊ मार्ग.

झिजेच्या खुणा बेतानेच कराव्यात. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनाच्या कोठडीखाली टर्बो-सुपरचार्जर असे आणि धूर तेथूनच बाहेर पडे. म्हणून काजळीचा पट्टा पंखाच्या खालच्या बाजूस मागे जातो, वरच्या बाजूस नव्हे. चाकांच्या खाचांत थोडे तेल आणि धूळ पुरे. पंखे सर्वांत शेवटी बसवावेत. १:७२ मध्ये त्यांचा व्यास ४९ मिलिमीटर भरायला हवा, हे मोजून पाहण्यासारखे आहे. बिनतारी संदेशाची तार संचाच्या उरलेल्या प्लॅस्टिकच्या काडीपासून काढता येते. मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडे वर धरून काडी मऊ झाली की ज्योतीबाहेर नेऊन दोन्ही हातांनी सावकाश ताणावी. केसाएवढा धागा निघतो, आणि तो ज्योतीजवळ नेला की आक्रसून ताठ बसतो.