पडलेले झाड कोणाचे?

वैशाखाच्या शेवटी कोरपना, जिवती, राजुरा या पट्ट्यात वावधन सुटते, तेव्हा धुऱ्यावरचे एखादे सागवान किंवा मोह मुळासकट आडवे होते. वावरात पडले तर पेरणी अडते. पांदणीवर पडले तर साऱ्या शिवाराच्या बंड्या अडतात. चार माणसे कुऱ्हाडी घेऊन लागली तर अर्ध्या दिवसात वाट मोकळी होईल. पण कुऱ्हाड उचलण्याआधी शेतकरी थांबतो, आणि त्याचे थांबणे आळसाचे नसते. काल उभे होते तोवर झाड त्याच्या सातबाऱ्यातले होते. आज ते पडले. आता ते कोणाचे?

प्रश्न भाबडा वाटेल, पण त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. हे झाड हलवायला लोक का कचरतात, याचे उत्तर वनखात्याच्या आजच्या एखाद्या परिपत्रकात नाही. ते जुन्या कायद्यांच्या व्याख्यांत, मोडलेल्या जमीनदाऱ्यांत आणि तीन राजवटींच्या सीमेवर सापडते.

झाड आणि लाकूड

आधी व्याख्या पाहू. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात 'इमारती लाकूड' या संज्ञेत पडलेली किंवा पाडलेली झाडेही धरलेली आहेत. त्याच कलमात 'वनोपज' म्हणजे काय ते सांगताना दोन याद्या केल्या आहेत. झाडे, पाने, फुले, फळे ही जंगलात असतील किंवा जंगलातून आणलेली असतील तरच वनोपज. इमारती लाकूड मात्र जंगलात मिळो वा न मिळो, ते वनोपजच.

या दोन व्याख्या एकत्र वाचल्या की गंमत कळते. शेतातले उभे झाड वनोपज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे पंचविसावे कलम सांगते की खातेदाराच्या जमिनीवरची झाडे खातेदाराची. पण तेच झाड वाऱ्याने पडले की त्याची जात बदलते, ते लाकूड होते. लाकूड झाले की वनोपज झाले, आणि वनोपज झाले की त्याच्या वाहतुकीला पास लागतो. पुढे एकोणसत्तरावे कलम आहे. या कायद्याखालच्या कारवाईत वनोपज सरकारचे आहे काय असा प्रश्न उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानावे, असे ते सांगते. पुरावा द्यायचा तो शेतकऱ्याने.

पंचेचाळिसाव्या कलमात हीच दृष्टी नदीला लावली आहे. वाहत आलेले, काठाला लागलेले, बुडालेले लाकूड कोणी हक्क शाबित करीपर्यंत सरकारचे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी या नद्यांच्या मुलखात हे कलम कोरडे नाही. पुराने आणलेले ओंडके काठावरच्या गावांनी शतकानुशतके ओढून घेतले असतील, पण कायद्याच्या लेखी वारा आणि पूर हे दोघेही सरकारचेच हरकारे.

ही शब्दयोजना १९२७ ची नव्हे, ती १८७८ च्या कायद्यातून आलेली आहे. त्या काळी रेल्वेचे स्लीपर, पूल, बरॅकी यांसाठी सागवान हवे होते. चोरीचे लाकूड पकडताना ते कोणत्या जंगलातले हे सिद्ध करणे जड जाई. म्हणून ओझे उलटे फिरवले गेले. हेतू चोर पकडण्याचा होता, पण जाळे पसरले ते धुऱ्यापर्यंत.

याआधी मराठी राज्यव्यवहारात याचा विचार झाला नव्हता असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. रयतेचे आंबे-फणस बळाने तोडू नयेत. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असा त्याचा आशय. राज्याला लाकडाची गरज तेव्हाही होतीच. फरक इतकाच की तिथे झाड कोणाचे आहे हे गृहीत धरून बोलणी सुरू होतात, आणि १८७८ नंतर ते सरकारचे आहे असे गृहीत धरून चौकशी सुरू होते.

तीन राजवटींचा कोपरा

कोरपन्याचे वैशिष्ट्य असे की एकोणिसाव्या शतकात या भागाभोवती तीन वेगळ्या व्यवस्था होत्या. पैनगंगेपलीकडे वणीचा मुलूख वऱ्हाडात, तिथे रयतवारी आणि १८८६ चा वऱ्हाडचा स्वतंत्र वनकायदा. वर्धेपलीकडे चांदा जिल्हा मध्य प्रांतात, तिथे मालगुजारी आणि जमीनदारी. अलीकडचा राजुरा तालुका, ज्यात आजचे कोरपना आणि जिवतीही आले, तो निजामाच्या राज्यात.

मध्य प्रांतात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली. चांद्याच्या बंदोबस्ताचा मेजर लुसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. या मालकीत पडीक जमीन आणि तिच्यावरचे जंगलही आले. आज आपण ज्याला खासगी जंगल म्हणू, त्याचा या भागातला पाया हा. पूर्वेकडे अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या. रयतेला मिळाला तो निस्तार, म्हणजे जळण, कुंपणाचे काटे, नांगराचे लाकूड, गुरांची चराई आणि जाण्यायेण्याची वाट. हे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या दफ्तरात नोंदले जात. मालकी मालगुजाराची आणि वापर गावाचा अशी ती वाटणी होती. वादळाने पडलेल्या झाडाचा प्रश्न या व्यवस्थेत साधारण फांद्यांवर मिटे: जळण गावाचे, बुंधा मालकाचा. वाट मोकळी करण्याचे काम मात्र गावाच्या अंगावर. जमीनदारीत त्याचे नाव वेठ. सरकारी जंगलात वसवलेल्या वनग्रामांतही राहण्याची अट मजुरीची होती. जाळरेषा साफ करणे, रस्ते झोडपणे, आग विझवणे हे तिथल्या रहिवाशांचे काम.

निजामाच्या बाजूला चित्र आणखी कठीण होते. जंगले राखीव होत गेली तशी गोंड आणि कोलाम यांची शेते रेषेच्या आत सापडली. माणिकगडच्या डोंगरातील कोलामांची फिरती शेती बंद पडली. याच डोंगररांगेच्या दक्षिणेला जोडेघाट इथे १९४० साली कुमरम भीम आणि त्यांचे साथी गोळीबारात मारले गेले. त्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात अभ्यासाला पाठवले. त्यांच्या लेखनात जमिनीच्या पट्ट्यांइतकीच वनरक्षकांच्या मामुलाची, म्हणजे नेहमीच्या वसुलीची, तक्रार आहे. नांगराला लाकूड घ्यायचे तरी काही द्यावे लागे. हैदराबादचा वनकायदा १३५५ फसलीचा, म्हणजे १९४५ चा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राजुरा मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. नंतर वनकायद्याचे राज्यभर एकीकरण झाले. तेव्हापासून नदीच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच आहे. पण गावाच्या आठवणीत कायदा म्हणजे मामूल, आणि ही आठवण इतक्या सहज पुसली जात नाही.

जमीनदारी गेली, लाकडाचा वाद राहिला

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी आणि जमीनदारी संपली, खासगी जंगले सरकारजमा झाली. निर्मूलन येणार हे ठाऊक असल्याने अनेक मालकांनी आधीच ठेकेदारांशी करार केले होते. त्यातून खटले उभे राहिले. एक विदर्भातला खटला १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. एका जमीनदाराने १९४८ मध्ये नोंदणी न केलेल्या कागदाने आपल्या जंगलातले लाकूड आणि बांबू तोडण्याचा बारा वर्षांहून अधिक काळाचा हक्क पत्नीला दिला होता. तिची याचिका फेटाळली गेली. पण त्या निकालातले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे विवेचन वाचण्यासारखे आहे. झाड केव्हा झाड आणि केव्हा लाकूड, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: जे मातीतून रस ओढत वाढत राहणार ते झाड, म्हणून स्थावर, जे इमारतीजोगे आहे आणि लवकरच तोडले जाणार ते लाकूड, म्हणून जंगम. बोस नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. आपल्या मुलखातल्या झाडांचा वाद त्यांच्या हातून सुटावा हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. तोडणाऱ्याच्या हेतूवर झाडाची जात ठरते असे त्यांनी दाखवले. वादळाला मात्र हेतू नसतो.

यानंतरचे दोन कायदे आपल्या विषयाशी थेट भिडतात. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने साग, मोह, बिजा, ऐन, खैर, हळदू, तिवस अशी ठराविक झाडे खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडण्यास बंदी केली. १९६९ च्या कायद्याने आदिवासी खातेदाराला आपली झाडे परस्पर व्यापाऱ्याला विकण्यापासून रोखले. विक्री शासनामार्फत व्हावी असे ठरवले. दुसऱ्या कायद्याचे कारण खरे होते. व्यापारी बाटलीभर दारूवर आणि चार पैशांवर सागवान नेत. शेजारच्या बस्तरात, जिथे असे रक्षण तोकडे पडले, तिथे १९९० च्या दशकात मालिक-मकबुजा प्रकरण घडले. आदिवासींच्या शेतातली मौल्यवान झाडे कवडीमोलाने घेतली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाला चौकशीचा आदेश द्यावा लागला. म्हणून 'सगळे निर्बंध उठवा' हे उत्तर मला पटत नाही. निर्बंध उठले की वावधनाच्या नावाखाली करवत चालेल. एका रात्रीत पन्नास झाडे 'पडतील'.

पण निर्बंध जसेच्या तसे ठेवले तर काय होते तेही दिसते. पाहणी, पंचनामा, मोजणी, हातोड्याची खूण, पास. एका झाडासाठी तालुक्याच्या इतक्या खेपा परवडत नाहीत. मग झाड धुऱ्यावर कुजते, वाळवी लागते. पांदणीवर पडलेले असले तर लोक बाजूने वळसा घेतात, वळसा दुसऱ्याच्या वावरातून जातो, आणि दोन घरांत बोलणे बंद होते.

बुजलेली वाट

पांदण ही विदर्भाची जुनी सोय, दोन धुऱ्यांमधली बंडीवाट. गावनकाशात ती दाखवलेली असते. जंगलातले रस्ते निराळे. ते आलापल्लीसारख्या सागवनांतून लाकूड डेपोपर्यंत नेण्यासाठी काढले गेले. कमलापूरचे हत्तीही मुळात ओंडके ओढण्यासाठीच होते. कूप संपले की तो रस्ता रायमुनिया आणि चिल्हाटीच्या हवाली. गावाची वाट गावाने राखायची आणि लाकडाची वाट खात्याने, तीही लाकूड असेपर्यंत, असा रिवाज पडला.

वाट बुजली तरी हक्क लगेच मरत नाही. महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो, १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याने अडथळा काढता येतो. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्त्यांना पैसाही येतो. पण झाडी वाढली की दुसरेच भूत उभे राहते. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने जंगल म्हणजे शब्दकोशातले जंगल, मालकी कोणाचीही असो, असे ठरले. २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातील झुडपी जंगलांनाही सर्वोच्च न्यायालयाने वन मानले. १९९६ आधीच्या वाटपांना मात्र संरक्षण दिले. जंगल वाचवण्यासाठी हे निकाल हवेच होते. तरीही शेतकऱ्याच्या मनात त्यांचा अर्थ असा उतरला की झुडूप वाढू दिले तर जमीन जाईल, आणि काढले तर गुन्हा होईल. या भीतीने तो धुऱ्यावर नवे सागवान उगवूच देत नाही. झाडाच्या रक्षणासाठी केलेला कायदा झाडाच्या मुळावर येतो तो असा.

बुंधा साक्ष देतो

३१ ऑगस्ट २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगु जिल्ह्यात, एटुरनागारम अभयारण्यातील ताडवाईच्या जंगलात, वादळाने काही तासांत सुमारे पन्नास हजार झाडे पाडली. हे ठिकाण आपल्या सिरोंच्यापासून फार दूर नाही. असे संकट अलीकडे आले तर प्रत्येक झाडासाठी खेपा घालण्याची पद्धत पहिल्याच दिवशी मोडेल, आणि मोडलेल्या पद्धतीचा फायदा गरिबाला कधी होत नाही.

मार्ग या जिल्ह्यांनीच दाखवला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ मध्ये बांबू हा शब्द 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला. व्याख्या बदलता येते याचे हे दोन दाखले. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात येत नाही, म्हणून ग्रामसभेचा पास तिथे थांबतो.

माझे म्हणणे मर्यादित आहे. वाऱ्याने पडलेले झाड आणि कुऱ्हाडीने पाडलेले झाड यांतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वाऱ्याने उन्मळलेल्या झाडाची मुळे मातीसकट वर येतात, जमिनीत खड्डा पडतो. मध्येच मोडले तर मोडीच्या जागी धांदोट्या निघतात. कुऱ्हाडीचा घाव सपाट असतो, करवतीचा त्याहून सपाट. हे गावातल्या कोणालाही कळते, आणि कोणत्या रात्री वावधन आले होते हेही साऱ्या गावाला ठाऊक असते. मग पंचनामा ग्रामसभेने करावा, खात्याने तो तपासावा, आणि खासगी जमिनीवरच्या पडलेल्या झाडापुरते एकोणसत्तराव्या कलमाचे ओझे पुन्हा उलटे फिरवावे. खोटा पंचनामा करणाऱ्या गावाचा अधिकार काढून घ्यावा. आदिवासी खातेदाराच्या झाडाची विक्री शासनामार्फतच राहू द्यावी, पण पैसे मिळण्याची मुदत बांधून द्यावी.

दीडशे वर्षे वाट मोकळी करण्याचे श्रम गावाचे आणि लाकडावरचा संशयही गावावरच, असा हिशेब चालला आहे. त्यातले श्रम गाव पुढेही करील. संशय तेवढा आता उतरवायला हवा.