हडसनचा उपविधी

मॉन्ट्रियलच्या पश्चिमेस, ओटावा नदीचे पात्र जेथे रुंदावून सरोवरासारखे होते त्या काठावर, हडसन नावाचे जेमतेम पाच हजार वस्तीचे एक नगर आहे. एखादा रणसंग्राम, एखादी राज्यक्रांती किंवा एखादा महापुरुष यांच्या निमित्ताने इतिहासात उल्लेख व्हावा असे या नगराजवळ काही नाही. परंतु मे १९९१ मध्ये त्याच्या नगरपरिषदेने क्रमांक २७० चा उपविधी मंजूर करून केवळ शोभेखातर होणारी विषारी फवारणी आपल्या हद्दीत बंद केली, आणि आपल्या पायाखालच्या गवतावर कोणते द्रव्य शिंपडू द्यावे हे ठरविण्याचा अखत्यार कोणाचा, हा प्रश्न दहा वर्षांनी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन भिडविला. उद्यानांतील विषाचा विषय आपल्याकडे अद्याप कोणी गांभीर्याने घेत नाही, म्हणूनच ही हकीकत सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

हिरवळीवर विष शिंपडण्याची ही रूढी तशी फार जुनी नाही. आपल्या शेतकऱ्यांनाही ‘टू-फोर-डी’ या नावाने परिचित असलेले तणनाशक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड व अमेरिका येथील प्रयोगशाळांत सिद्ध झाले आणि १९४५ पासून बाजारात आले. वनस्पतीच्या अंगी वाढीचे जे नैसर्गिक संप्रेरक असते त्याचे सोंग घेऊन हे द्रव्य तिच्यात शिरते; गवतवर्गीय वनस्पतींना त्याची बाधा विशेष होत नाही, रुंद पानांच्या वनस्पती मात्र अनावर व विकृत वाढीने मरतात. वसंतऋतूत कॅनडाच्या हिरवळींवर जागोजागी उगवणारे डँडेलियनचे पिवळे फूल फवारणीनंतर पाहिले, तर सरळ ताठ असलेला त्याचा पोकळ दांडा पिळवटून वाकलेला, पाने कडांनी गुंडाळलेली आणि सगळे रोप आपल्याच भाराने जमिनीला टेकलेले आढळते. या वनस्पतीचे सोटमूळ खोल जाते व खुरप्याने अर्धवट तुटले तर पुन्हा फुटते, त्यामुळे गुडघे टेकून ते समूळ उपटण्यापेक्षा टाकीला नळी जोडून अर्ध्या तासात काम उरकणे लोकांना सोयीचे वाटू लागले, यात नवल नाही.

तथापि या सोयीने दुसरे एक नुकसान केले, ज्याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. त्यापूर्वी हिरवळीच्या बियाण्यात पांढरे क्लोव्हर मुद्दाम मिसळण्याची पद्धत होती, कारण आपल्या हरभऱ्या-तुरीप्रमाणे तेही मुळांवरील गाठींच्या योगे हवेतील नत्र जमिनीत आणते व शेजारच्या गवताला विनामूल्य पोसते. नव्या द्रव्याला डँडेलियन व क्लोव्हर यांतील भेद कळत नव्हता. दोन्ही सारखीच मेली, आणि मग जे क्लोव्हर कालपर्यंत पेरले जात होते त्याचीच गणना तणांत होऊ लागली, व त्याने फुकट दिलेले नत्र पोत्यांतून विकत आणावे लागले.

हडसनमध्ये या रूढीला पहिली हरकत घेतली ती जून अर्विन या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी. आपल्या रुग्णांच्या तक्रारींचे मूळ आसपासच्या फवारणीत असावे अशी शंका त्यांना येऊ लागली, आणि १९८५ च्या सुमारापासून त्या नगरपरिषदेच्या सभांना नियमाने उपस्थित राहून लेखी निवेदने वाचून दाखवू लागल्या. सार्वजनिक कार्यात चिकाटीची स्तुती सगळेच करतात. पण सभासदांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा डोळ्यांदेखत पाहत वर्षानुवर्षे तोच विषय मांडीत राहण्यास जे मनोबल लागते, त्याचे मोल मला कोणत्याही वक्तृत्वाहून अधिक वाटते.

अखेर जो उपविधी झाला तो सरसकट बंदीचा नव्हता, ही त्याची खरी खुबी. शेतकऱ्यांना नोंदणी करून फवारणीची मुभा होती, गोल्फच्या मैदानांना पाच वर्षांची मुदत मिळाली, आणि माणसास अपाय करणाऱ्या प्राण्यांचा किंवा वनस्पतींचा बंदोबस्त करण्यास आडकाठी नव्हती. निषिद्ध ठरली ती केवळ सौंदर्याच्या हव्यासापायी होणारी फवारणी. १९९२ मध्ये स्प्रेटेक व केमलॉन या दोन कंपन्यांवर उपविधीच्या भंगाचा आरोप ठेवण्यात आला, तेव्हा त्यांनी उलट उपविधीच बेकायदा ठरवावा अशी दाद मागितली. आम्ही वापरतो ती द्रव्ये मध्यवर्ती सरकारने मान्य केलेली आहेत आणि ती वापरण्याचा परवाना आम्हांस प्रांतिक सरकारने दिलेला आहे, मग एका लहानशा नगराने मध्ये पडण्याचे कारण काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. कंपन्या क्विबेक प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयात १९९३ मध्ये हरल्या, अपील न्यायालयात १९९८ मध्ये हरल्या, आणि २८ जून २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायमूर्तींनी नगराच्या बाजूने कौल दिला.

न्यायमूर्ती क्लेअर लेरो-द्युबे यांनी त्या निकालपत्रात जे प्रतिपादन केले त्याचा सारांश असा: कारभाराचा निर्णय शक्यतो त्या पातळीवर व्हावा जी पातळी बाधित नागरिकांच्या सर्वांत निकट असते, मध्यवर्ती कायदा कोणते द्रव्य बाजारात यावे हे ठरवितो व प्रांतिक कायदा ते कोणी हाताळावे हे ठरवितो, म्हणून ते कोठे वापरू नये हे नगराने ठरविण्यात त्या दोहोंशी विरोध उत्पन्न होत नाही, आणि आरोग्यरक्षणाचा जो सामान्य अधिकार कायद्याने नगरांना दिला आहे त्यात हा उपविधी बसतो. हानीचा संपूर्ण पुरावा हाती येईपर्यंत हात बांधून बसू नये, या सावधगिरीच्या तत्त्वाचा आधार देताना त्यांनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाकडे बोट दाखविले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तमिळनाडूतील चर्मोद्योगांच्या सांडपाण्याविरुद्ध झालेला वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमचा १९९६ चा निकाल आणि नायडू खटल्यातील १९९९ चा निकाल, हे दोन्ही तेथे उद्धृत झाले आहेत. पालार नदीकाठच्या रयतेच्या गाऱ्हाण्यातून जो न्याय निपजला त्याने सातासमुद्रापलीकडील एका नगराची हिरवळ निर्विष राखण्यास हातभार लावला. आमच्या नगरपालिकांना मात्र त्याचा पत्ता नसावा, याचा मला विषाद वाटतो.

त्यानंतर क्विबेकने २००३ मध्ये प्रांतभर नियम केले, ऑन्टारिओचा शोभेच्या फवारणीविरुद्धचा कायदा २२ एप्रिल २००९ पासून अमलात आला, आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक उद्यानांत कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके वापरण्यास सरकारी व स्थानिक संस्थांना मनाई झाली. दरम्यान २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट हे तणनाशक माणसास बहुधा कर्करोगजनक व टू-फोर-डी हे संभवतः कर्करोगजनक ठरविले. अमेरिकेच्या व युरोपाच्या नियामक संस्थांना ग्लायफोसेटविषयीचा हा निष्कर्ष मान्य नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु जाणत्यांत असा मतभेद असताना उद्यानात अनवाणी खेळणाऱ्या मुलांना आणि पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माळ्याला त्या मतभेदाचे साधन करावे, हे कोणत्या न्यायाला धरून होते?

आपल्या देशात कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा असून तो मध्यवर्ती आहे, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. विक्री बंद करण्याचा अधिकार नगरपालिकेस नसेल. पण उद्यान तिच्या मालकीचे आहे, माळी तिच्या पगारपत्रकावर आहेत, निविदेचा मसुदा तिच्याच दप्तरी तयार होतो, आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, क्रीडांगणे व सार्वजनिक आरोग्य हे विषय नगरपालिकांकडे सोपविण्याजोगे म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत. तेव्हा उद्यानांच्या निविदेतून तणनाशकाचे कलम वगळावे, त्या रकमेतून खुरपणीसाठी माणसे लावावीत, आणि अपवाद म्हणून कोठे फवारणी करावीच लागली तर द्रव्याचे नाव व तारीख आधी फाटकावर लावावी, एवढा ठराव करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. प्रत्येक प्रभागातील नागरिकांनी तशी मागणी लेखी अर्जाने करावी, अर्जाची पोच घ्यावी, आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे येईपर्यंत दरमहा नवा अर्ज दाखल करीत राहावे.