इयादत करा, पण हात धुऊन

आजाऱ्याची इयादत सुन्नत आहे, ती सोडायची नाही. पण अँटिबायोटिकला दाद न देणारे क्लेब्सिएला, एमआरएसए यांसारखे जंतू हॉस्पिटलातून घरी आणि घरातून हॉस्पिटलात मुख्यतः हातांवरून जातात. वुजूची सवय आपल्याला आहेच; इथे साबणही हवा. वॉर्डात शिरताना आणि निघताना ४० ते ६० सेकंद हात धुवायचे. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही. सलाइन, लघवीची नळी, जखमेची पट्टी यांना हात लावायचा नाही.

हे जंतू काही त्रास न देता अंगात महिनोन्महिने राहू शकतात. म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना आधीचं डिस्चार्ज कार्ड आणि कल्चर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूया. आणि स्ट्रिपवर लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही.