कोटवाराच्या वर्दीतील शेवटचा रकाना

जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा आणि दुसऱ्या काठी सावरगाव; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन काठांवरून होणारी गोटमार सर्वश्रुत आहे. त्या दिवशी दगड वर्मी लागून कोणी दगावला, तर त्याच्या मृत्यूचे कारण शोधत बसावे लागत नसे. इंग्रजी अमदानीच्या दफ्तरात त्यासाठी ‘इजा’ असा स्वतंत्र रकानाच होता. परंतु ऐन पंचविशीतला, अंगाने धट्टाकट्टा, कपाशीत डवरा हाकणारा गडी भरदुपारी कोसळला आणि घोटभर पाणी पाजण्याच्या आत गेला, तर त्याची नोंद कोठे करावयाची? घरची माणसे ‘बाहेरचे झाले’ म्हणत, शेजारी ‘हाय खाल्ली’ म्हणत. सरकारी कागदाला यांपैकी काहीच चालत नसे.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि पुढे गावच्या कोटवाराकडे पहाऱ्याबरोबरच जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर देण्याचे काम आले. मृताचे नाव, वय आणि कारण तो सांगे, व ते लिहून घेतले जाई. कारणांची वर्गवारी वरून ठरून आलेली होती: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा, आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘इतर कारणे’. सर्वांत फुगलेला रकाना अर्थातच तापाचा असे. त्या डवऱ्यावरच्या गड्याला मात्र शेवटचा रकाना, आणि यासाठी कोटवाराला दोष देणे अन्यायाचे होईल; कारण ज्या रोगाने तो गेला असण्याचा संभव होता, त्याला तोवर लंडनच्या वैद्यांपाशीही नाव नव्हते.

ते नाव १९५७ साली वॉलेस ब्रिग्डेन यांनी दिले. हृदयाच्या रक्तवाहिन्या निर्दोष असताना खुद्द हृत्स्नायूच रोगग्रस्त होतो, अशा विकारांना त्यांनी ‘कार्डिओमायोपॅथी’ म्हटले. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील डोनाल्ड टीअर यांनी आठ तरुणांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयातील पडदा एका बाजूस अवाजवी जाड झालेला होता आणि त्यांतील बहुतेक जण अकस्मात मरण पावले होते. पुढे जॉन गुडविन यांनी या विकारांची आकारावरून आणि कार्यावरून विभागणी केली, आणि तिच्यातूनच पसरट झालेले, जाड झालेले व ताठर झालेले हृदय ही त्रयी रूढ झाली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने या साऱ्यांची व्याख्या ‘अज्ञात कारणांचे हृत्स्नायूविकार’ अशी केली. कोटवाराचा शेवटचा रकाना आणि ही व्याख्या यांत तत्त्वतः फार अंतर होते, असे मला वाटत नाही. फरक एवढाच की येथे अज्ञाताला निदान आकार लाभला होता.

कारणाचा धागा सापडला तो कुटुंबांतून. बोस्टनच्या सायडमन दांपत्याच्या संशोधकगटाने फ्रेंच-कॅनडियन वंशाच्या एका मोठ्या घराण्याच्या पिढ्या मांडून १९८९ साली जाड हृदयाच्या विकाराचे मूळ चौदाव्या गुणसूत्रावर दाखविले, आणि १९९० साली मायोसिन या स्नायू-प्रथिनाच्या जनुकातील एका अक्षराचा बदल उघड केला. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून असा बदल प्रत्येक अपत्याकडे येण्याचा संभव निम्मा असतो. मग वर्गीकरणाचा वाद उभा राहिला. अमेरिकन मंडळींनी २००६ साली जनुकीय, संमिश्र आणि संपादित असे कारणालाच अग्रस्थान दिले. युरोपीयांनी २००८ साली आधी आकार आणि मग त्यात कौटुंबिक व अकौटुंबिक असा भेद ठेवला. माझा कल युरोपीयांकडे आहे. एकाच जनुकातील दोष एका घरात हृदय जाड करतो, तर दुसऱ्या घरात पसरट. आणि रोगी वैद्यापुढे येतो तो धाप, चक्कर व छातीतील धडधड घेऊन, जनुक घेऊन नव्हे.

आपल्या भूमीचाही यात वाटा आहे. मायोसिनला बांधून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातून पंचवीस अक्षरांचा तुकडा गळालेला भारतीय उपखंडात शंभरांतील सुमारे चौघांत आढळतो, हे २००९ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने दाखविले. त्या वेळी या आकड्याने मोठी धास्ती निर्माण केली. पुढील अभ्यासांत मात्र असे दिसले की तो तुकडा नसूनही बहुतेक माणसे निरोगी राहतात, आणि खरा दोष थोड्यांच्या ठिकाणी त्याच्या सोबतीने आलेल्या दुसऱ्या बदलाकडे जातो.

जाम नदीकाठच्या मुलुखात घराण्यांच्या पिढ्या मांडणारे लोक पूर्वीही होते. येथील पवार समाजाच्या घरी पोथी घेऊन येणारे भाट पणजोबा-खापरपणजोबांची नावे धडाधड वाचून दाखवीत. त्या पोथीत नाते असे, पण मरणाचे कारण नसे. ठाण्याच्या कागदात कारण असे, पण नाते नसे. हे दोन कागद कधी शेजारी ठेवले गेले नाहीत. शिवाय भाटाची वंशावळ मुलग्यांवरून चाले. जाम ओलांडून सावरगावास दिलेली लेक तिच्यातून गळे. हा विकार तर लेकीकडूनही तितक्याच सहजतेने उतरतो, आणि तिचा मुलगा पंचविशीत गेला तर माहेरच्या वंशावळीत त्याचा मागमूसही राहत नाही.

म्हणून वाचकांस एवढेच विनवावेसे वाटते, की आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी एकदा निवांत बसा. आजोळी, आत्याच्या घरी, मावशीच्या घरी चाळिशीच्या आत अकस्मात कोण गेले, त्या वेळी त्याचे वय काय होते आणि तो काय करीत होता, ते नावानिशी लिहून घ्या. असा एकही मृत्यू निघाला, तर मृताच्या सख्ख्या भावंडांनी व मुलाबाळांनी नागपुरास किंवा जेथे सोय असेल तेथे इसीजी आणि हृदयाचा इको करवून घ्यावा, आणि नावांचा तो लिहिलेला कागदही वैद्याच्या हाती द्यावा.